‘एकदा येऊन गेले की पुन्हा येत नाही’ हे किती वर्षांसाठी खरे?

मृद्गंध (धागाकर्ती)

नमस्कार. गेल्या पंधरवड्यात आमच्या घरी एकाच प्रश्नावर तीन वेगवेगळ्या निमित्तांनी वाद झाला आणि तिन्ही वेळा त्याचा शेवट ‘डॉक्टरांनाही नक्की माहीत नसते’ या वाक्याने झाला, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिले निमित्त सासूबाईंचे. त्या ७१ वर्षांच्या आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांना कोविड झाला, २०२१ मध्ये कोविशील्डच्या दोन्ही मात्रा झाल्या, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा सौम्य कोविड होऊन गेला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रिकॉशन डोसही झाला. परवा एका प्रयोगशाळेच्या ‘संपूर्ण तपासणी’ पॅकेजमध्ये अँटिबॉडीची चाचणीही होती. तिचा आकडा आधीच्या अहवालापेक्षा बराच खाली आला आहे आणि अहवाल देणाऱ्या मुलाने ‘आजींची इम्युनिटी उतरली’ असे सांगून त्यांची झोप उडवली आहे.

दुसरे निमित्त मुलाच्या टायफॉईडच्या लशीचे. एक डॉक्टर म्हणतात की दर तीन वर्षांनी ती पुन्हा घ्यावी, दुसरे म्हणतात की गरज नाही. तिसरे निमित्त माझे वडील. दंडावरची खूण दाखवत ते ऐकवतात, ‘मला देवी काढल्या आहेत, त्या जन्माच्या. तुमच्या लशी सहा महिन्यांच्या.’

माझा प्रश्न सरळ आहे. आजार होऊन गेल्यावर किंवा लस घेतल्यावर मिळणारे संरक्षण किती काळ टिकते, याचे आकडे कोणी ठरवले आहेत का? असतील तर दोन डॉक्टरांमध्ये एवढा फरक का पडतो?

सूक्ष्मदर्शी

मृद्गंधताई, मी निवृत्तीपूर्वी वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे. आधी सासूबाईंना निवांत झोपायला सांगा, कारण त्या अहवालाचा जो अर्थ लावला गेला तो चुकीचा आहे.

लस दिल्यावर किंवा संसर्ग झाल्यावर शरीरात प्रतिपिंडे (म्हणजेच अँटिबॉडी) तयार करणाऱ्या पेशींची मोठी फौज उभी राहते आणि त्यांतील बहुसंख्य पेशी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरून जातात. त्या तशाच मरायला हव्यात; प्रत्येक जुन्या संसर्गाची फौज आयुष्यभर पोसायची ठरवली तर रक्तात दुसऱ्या कशाला जागाच राहणार नाही. मागे उरतात त्या अस्थिमज्जेत ठाण मांडून बसलेल्या थोड्या दीर्घायुषी पेशी, ज्या प्रतिपिंडांचा पुरवठा हळूहळू चालू ठेवतात. त्यांच्याशिवाय स्मृतिपेशी असतात. त्या एरवी काहीही तयार करत नाहीत, पण ओळखीचा जंतू दिसला की जाग्या होतात. तुमच्या पॅकेजमधील चाचणी प्रतिपिंडे मोजते. स्मृतिपेशी आणि टी-पेशी (लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या आणि इतर संरक्षक पेशींना मदत करणाऱ्या पेशी) त्या नळीत मोजल्याच जात नाहीत.

२०२० मध्ये ‘तीन महिन्यांत अँटिबॉडी नाहीशा’ अशा बातम्या आल्या होत्या, त्या या पहिल्या उतरणीवरच बेतलेल्या होत्या. पहिल्या सहा महिन्यांच्या आलेखावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली तर ती लवकरच शून्याला टेकते, परंतु प्रत्यक्षात उतार पुढे मंदावतो. तो कुठे जाऊन मंदावेल हे मात्र सहाव्या महिन्यात बसून सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट. कोविशील्डमुळे विषाणूच्या केवळ काटेरी प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. काही चाचण्या विषाणूच्या आतील दुसऱ्याच प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात आणि ती केवळ लसीमुळे कधीच दिसणार नाहीत. २०२१ मध्ये माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दोन मात्रांनंतर हौसेने अशी चाचणी करून घेतली, अहवालात शून्य आले आणि ते लस बनावट असल्याची तक्रार करायला निघाले होते. त्यामुळे दोन अहवालांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही वेळा चाचणी तीच होती का आणि एककही तेच होते का, हे पाहावे.

हिशेबी

सूक्ष्मदर्शी सर, आपले विवेचन समजले, पण मी आकडेमोडीच्या पेशातला माणूस असल्यामुळे माझा संशय काही जात नाही. कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर जानेवारी २०२१ मध्ये ४ ते ६ आठवडे होते. मार्चमध्ये ते ६ ते ८ झाले आणि मे महिन्यात १२ ते १६. त्याच महिन्यात सांगण्यात आले की कोविड होऊन गेलेल्यांनी बरे झाल्यावर तीन महिने थांबावे. पुढे १० जानेवारी २०२२ पासून प्रिकॉशन डोस सुरू झाला, तो नऊ महिन्यांच्या अंतराने. जुलैमध्ये हे अंतर सहा महिन्यांवर आले. एखाद्या कंपनीने आपला ताळेबंद दीड वर्षात इतक्या वेळा बदलला असता तर मी त्यावर सही केली नसती. संरक्षण किती टिकते हे ठाऊक नव्हते तर तसे स्पष्ट का सांगितले गेले नाही?

सूक्ष्मदर्शी

हिशेबी, तुमची तक्रार अर्धी रास्त आहे. तुम्ही तीन वेगळे हिशेब एकाच खात्यावर टाकले आहेत, तेवढे आधी वेगळे करू.

पहिल्या आणि दुसऱ्या मात्रेतील अंतराचा ‘किती टिकते’ याच्याशी फारसा संबंध नाही. या जातीच्या लशीत दुसरी मात्रा थोडी उशिरा दिली तर प्रतिसाद अधिक चांगला मिळतो, असे ब्रिटनमधील चाचण्यांतून दिसले होते. त्या वेळी लशींचा तुटवडा होता हेही लपवण्यात अर्थ नाही. दोन्ही कारणे खरी होती आणि सांगताना एकाच कारणावर भर दिला गेला. आजारानंतरचे तीन महिने आले ते या अंदाजातून की, नुकत्याच बरे झालेल्या माणसाला पुन्हा लागण होण्याचा धोका त्या काळात कमी असतो. नऊ आणि सहा महिने हे आकडे मात्र खरोखरच तुमच्या प्रश्नाचे आहेत, आणि त्यांच्याकडे उपलब्ध पुराव्यावर घेतलेला प्रशासकीय निर्णय म्हणूनच पाहावे. नऊ महिने पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणाचेही संरक्षण संपत नव्हते.

आता मूळ मुद्दा. ‘संरक्षण’ या एका शब्दाखाली आपण निदान तीन गोष्टी कोंबतो: लागण न होणे, आजार न बळावणे आणि मृत्यू न येणे. या तिन्हींची मुदत वेगवेगळी असते, आणि त्यामागचे कारण मला नेहमीच फार देखणे वाटत आले आहे. स्मृतिपेशींना जागे होऊन पुरेशी प्रतिपिंडे तयार करायला साधारण चार-पाच दिवस लागतात. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन-तीन महिने जातात. म्हणूनच त्या लशीनंतर वीस-तीस वर्षांनी अनेकांची प्रतिपिंडे १० मिलि-युनिट या संरक्षक मानलेल्या पातळीखाली जातात, तरीही त्यांना हा आजार होत नाही. विषाणूची तयारी पूर्ण होण्याआधी स्मृतिपेशींची तयारी झालेली असते. ओमायक्रॉन मात्र तीनेक दिवसांत नाकाघशात लक्षणे दाखवतो. तिथे स्मृतिपेशी जाग्या होईपर्यंत सर्दी-ताप येऊन गेलेला असतो, परंतु विषाणू फुफ्फुसांत खोलवर पोहोचण्याआधी त्या हजर होतात.

सासूबाईंना जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्यांदा झालेला कोविड सौम्य होता, त्याचा अर्थ मी असाच लावेन, जरी त्यात ओमायक्रॉनच्या स्वभावाचाही वाटा होता. शिवाय तेव्हा त्यांची प्रतिपिंडे केवळ जुनी झाली होती असे नाही. समोरचा विषाणूही बदललेला होता. कालांतराने होणारी घट आणि जंतूने पालटलेले रूप या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, आणि लोकांनी दोन्हींना मिळून ‘लस उतरली’ असे एकच नाव दिले.

तिलारीकाठ

मी दोडामार्ग तालुक्यातला. आमच्याकडे हा प्रश्न काजूच्या हंगामाबरोबर दरवर्षी येतो. माकडतापाबद्दल बोलत आहे. हा आजार १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात तो २०१५ मध्ये आणि आमच्या तालुक्यात २०१६ मध्ये आला. माकडे मरून पडू लागली की आम्ही समजतो. गोचिडीतून तो माणसाला होतो आणि काजू-बागायतीत जाणे काही टाळता येत नाही.

त्याच्या लशीचे वेळापत्रक असे होते: एका महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि त्यानंतर पाच वर्षे दरवर्षी एक. कर्नाटकात झालेल्या एका अभ्यासात दोन मात्रांची परिणामकारकता सुमारे ६२ टक्के, तर बूस्टरसह सुमारे ८३ टक्के आढळली होती. कागदावर हे वाईट नाही. पण सुई दुखायची, दंड सुजायचा, एक दिवसाची मजुरी बुडायची आणि वर पुढच्या वर्षी पुन्हा या. घेतली तरी ताप आलेली माणसे लोकांनी पाहिली होती. दुसऱ्या मात्रेला आलेले बूस्टरला येत नसत. शेवटी २०२२ मध्ये त्या लशीचा वापरच थांबवण्यात आला, कारण तिची क्षमता पुरेशी भरत नव्हती.

मला वाटते, ‘किती टिकते’ याचे उत्तर जितके लहान, तितकी ती लस गावात पोहोचवणे अवघड होते. सूक्ष्मदर्शी सर पेशींविषयी सांगत आहेत ते पटते, पण आमच्याकडे संरक्षण कधी संपते हे पेशींपेक्षा बागेत हजेरी किती दिवस चुकवता येते यावरच जास्त ठरत असे.

नैरोबीकर

तिलारीकाठ यांच्या अगदी उलट उदाहरण देतो. मी बरीच वर्षे केनियात आहे. इकडून भारतात जायचे तर पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचे पिवळे कार्ड लागते. ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. या कार्डाची मुदत पूर्वी दहा वर्षे असे. माझ्या एका सहकाऱ्याची मुदत २०१५ मध्ये संपली, म्हणून त्याने रांगेत उभे राहून लस पुन्हा टोचून घेतली. मी आळशीपणाने थांबलो. ११ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि एकच मात्रा आयुष्यभरासाठी ग्राह्य झाली, जुनी कार्डेसुद्धा. सहकारी अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

यातील गंमत अशी की लस तीच होती. १९३० च्या दशकापासून ६० कोटी मात्रा दिल्या गेल्यानंतर लसवंतांमध्ये पीतज्वर झाल्याची अवघी १२ उदाहरणे ज्ञात होती, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये नमूद केले. मग दहा वर्षे हा आकडा आला कुठून? नियम झाला तेव्हा हाती तेवढ्याच काळाचा पुरावा होता. ‘दहा वर्षांपर्यंत टिकल्याचे पाहिले आहे’ या विधानाचे रूपांतर शिक्क्यावर ‘दहा वर्षांनी संपते’ असे झाले आणि पुढे कित्येक दशके कोणी त्याला हात लावला नाही.

दप्तरखाना

नैरोबीकर यांचे शेवटचे वाक्य मी जपून ठेवणार आहे. तीस वर्षे टिकते का हे पाहायचे तर तीस वर्षे थांबावे लागते. याला वशिला चालत नाही. इतिहासात एकदाच कोणाला तरी हे थांबणे आयते मिळाले, ते उत्तर अटलांटिक महासागरातील फॅरो बेटांवर.

१८४६ मध्ये या बेटांवर गोवराची साथ आली. त्याआधीची साथ १७८१ ची. मधली ६५ वर्षे तिथे गोवर नव्हताच. लोकसंख्या ७,७८२ आणि त्यांतील ६,००० हून अधिक लोक आजारी पडले. पीटर पॅनम हा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे पाठवला गेला होता. त्याने घरोघर चौकशी केली तेव्हा आढळले की १७८१ मध्ये लहानपणी गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. याचे मोल समजून घ्यावे असे आहे. मुंबईसारख्या शहरात, जिथे गोवर दरवर्षी फिरत असे, तिथे म्हाताऱ्यांना तो होत नाही म्हणून ‘जन्माची शक्ती’ सिद्ध होत नाही, कारण आजूबाजूच्या रुग्णांमुळे त्यांची स्मृती अधूनमधून ताजी होत असू शकते. फॅरोमध्ये ६५ वर्षे कोणीही ती ताजी केली नव्हती.

आता मृद्गंध यांच्या वडिलांविषयी, त्यांचा पूर्ण मान राखून. भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. ‘ही एकदा घेतली की जन्माची’ असा या लशीचा शोधकर्ता जेन्नर यांचा विश्वास होता. पुढील काही दशकांत युरोपात लस घेतलेल्या प्रौढांना देवी येऊ लागल्या, तेव्हा तो विश्वास डळमळला आणि १८७४ च्या जर्मन कायद्यात बाराव्या वर्षी पुन्हा लस घेणे सक्तीचे झाले. वडिलांच्या दंडावरची खूण जन्माची आहे, पण लशीचे संरक्षण तसेच जन्माचे राहिले असते असे नाही. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले, त्यामुळे त्यांच्या दाव्याची परीक्षा आता होणार नाही, हे त्यांचे भाग्य.

पेठकर

दप्तरखाना, फॅरोसारखे एक उदाहरण आमच्या पुण्यातही घडून गेले आहे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि शहरात मास्कसाठी रांगा लागल्या. आम्ही घरातील ज्येष्ठांना कोंडून ठेवले होते, आणि आजारी पडत होती ती तरुण मंडळी. जगभर हेच दिसले. म्हाताऱ्यांच्या शरीरात लहानपणी, म्हणजे १९५७ पूर्वी फिरणाऱ्या, स्वाइन फ्लूच्याच एच१एन१ जातीच्या विषाणूंची जुनी ओळख शिल्लक होती. १९७७ मध्ये तशाच जातीचा विषाणू परत आला तेव्हाही साधारण पंचविशीच्या आतले लोकच मुख्यतः आजारी पडले होते. म्हणजे ज्या फ्लूची लस आपण दरवर्षी घ्यावी म्हणतात, त्याच फ्लूची एक ओळख पन्नास वर्षे टिकली. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असते?

सूक्ष्मदर्शी

पेठकर, दरवर्षीच्या लशीचे मुख्य कारण असे की फ्लूचा विषाणू सतत आपले रूप पालटतो. त्यात भर म्हणजे त्या लशीने मिळणारे संरक्षण त्याच हंगामात महिन्यागणिक कमी होत जाते. जुन्या रूपाची ओळख मात्र शरीरात पडून राहते आणि ते रूप परत आले तर उपयोगी पडते.

हिशेबी यांना आकडे हवे आहेत म्हणून एक अभ्यास सांगतो. २००७ मध्ये अमेरिकेत ४५ जणांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून, काहींच्या बाबतीत २६ वर्षांपर्यंत मागे जाऊन, प्रतिपिंडे निम्मी व्हायला किती काळ लागतो हे काढले गेले: धनुर्वात ११ वर्षे, घटसर्प १९ वर्षे, कांजिण्या ५० वर्षे, गोवर आणि गालगुंड २०० वर्षांहून अधिक.

हिशेबी

दोनशे वर्षे? ४५ माणसे आणि २६ वर्षे यांवरून दोनशे?

सूक्ष्मदर्शी

योग्य ठिकाणी बोट ठेवलेत. त्याचा अर्थ एवढाच की २६ वर्षांत उतार जवळजवळ दिसलाच नाही. त्याच यादीतील गालगुंडाच्या साथी पुढे लशीच्या दोन मात्रा घेतलेल्या महाविद्यालयीन मुलांमध्ये आल्या. नैसर्गिक आजाराने मिळालेली शक्ती आणि लशीने मिळालेली शक्ती यांचे आयुष्य एकच असेल असे नाही, आणि रक्तात प्रतिपिंडे आहेत म्हणजे संरक्षण आहेच असेही प्रत्येक आजारात नसते.

मात्र ‘आजार होऊन गेला की लशीपेक्षा पक्के’ हा सरसकट नियमही करू नका. धनुर्वात झालेल्या माणसालासुद्धा बरे झाल्यावर लस द्यावी लागते, कारण आजार निर्माण करणाऱ्या विषाची मात्रा इतकी सूक्ष्म असते की शरीराला त्याची ओळखच पटत नाही. टायफॉईड होऊन गेलेल्यालाही तो पुन्हा होतो.

आता मुलाची लस. तुमचे दोन्ही डॉक्टर बहुधा बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या लशींबद्दल बोलत असावेत. टायफॉईडची जुनी लस जंतूच्या आवरणातील शर्करेची असे. अशा लशीला टी-पेशींची साथ मिळत नाही, त्यामुळे टिकाऊ स्मृती तयार होत नाही आणि ती दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागे. दोन वर्षांखालील बाळांना तर ती देतच नसत. नव्या संयुग्म लशीत तीच शर्करा एका प्रथिनाला जोडलेली असते आणि प्रथिनामुळे टी-पेशी कामाला लागतात. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना दिली ती हीच. आफ्रिकेतील मलावी येथे तिचे संरक्षण चार वर्षांनंतरही चांगले दिसले. बांगलादेशात मात्र तीन ते पाच वर्षांच्या काळात ते लक्षणीय घटले, विशेषतः अगदी लहान वयात लस मिळालेल्या मुलांमध्ये. त्यामुळे या लशीच्या बूस्टरचा निर्णय अजून सर्वत्र पक्का नाही, आणि बाळपणी टोचली असेल तर बालरोगतज्ज्ञांना पुन्हा विचारणे योग्य.

ओघात आणखी एक गैरसमज. गोवराची दुसरी मात्रा पहिली ‘उतरली’ म्हणून दिली जात नाही. नवव्या महिन्यात दिलेली पहिली मात्रा दर शंभरांतील साधारण पंधरा मुलांमध्ये लागूच पडत नाही, त्यांच्यासाठी ती असते. न लागू पडणे आणि लागू पडून विरणे यांतला फरक दवाखान्यात बोलताना क्वचितच सांगितला जातो.

मृद्गंध (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. सासूबाईंचे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पाहिले. प्रयोगशाळा वेगळ्या आहेत आणि एककेही वेगळी, म्हणजे तुलनेला मुळात जागाच नव्हती. मात्रा घ्यायची की नाही हे त्यांचे वय आणि मधुमेह पाहून त्यांचे नेहमीचे डॉक्टर सांगतील. तो आकडा घेऊन मी त्यांच्याकडे जाणार नाही. बाबांना फॅरोची गोष्ट सांगितली. ती त्यांना आवडली. १८७४ च्या कायद्याचा भाग त्यांनी ऐकला नाही असे दाखवले.

मुलाचे लसीकरणाचे कार्ड कपाटातून काढले. टायफॉईडपुढे तारीख आहे आणि सही आहे. कुपीवरचे लेबल जिथे चिकटवायचे ती जागा कोरी आहे, आणि लस कोणत्या प्रकारची होती हे कुठेही लिहिलेले नाही. त्या वेळी तो अकरा महिन्यांचा होता, त्यामुळे सूक्ष्मदर्शी सर म्हणतात त्याप्रमाणे ती जुनी शर्करेची लस नसावी असे मी समजते. सोमवारी दवाखान्यात जाऊन त्यांची जुनी वही पाहायला मिळते का, ते विचारते.

सूक्ष्मदर्शी

अकरा महिन्यांचा असेल तर तर्क बरोबर आहे. तरी वही पाहाच, आणि सापडले तर कार्डावर नाव लिहून सही-शिक्का घ्या. आणखी दहा वर्षांनी बूस्टरचा नियम ठरलाच, तर तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला जाईल.